०.८ चा मेणाचा दोरा आणि ४ एमएमचं चिझल, जोडी जमली

चामड्याची पाकिटं हाताने शिवतो, म्हणून ऑनलाइन ०.८ एमएमचा मेण लावलेला चपटा पॉलिस्टर दोरा मागवला, सोबत ४ एमएमचं डायमंड चिझल, म्हणजे शिलाईची भोकं पाडायचं चौकटच्या आकाराच्या दातांचं हत्यार, ४ एमएम हे दोन दातांमधलं अंतर. आधी एका दुकानदाराने १ एमएमचा दोरा आणि ३ एमएमचं चिझल गळ्यात मारलं होतं, त्यात टाके एकमेकांवर चढायचे, सुई पक्कडने ओढावी लागायची आणि दोन भोकांमधलं चामडं फाटायचं, एक अख्खं पाकीट वाया गेलं, फार वाईट वाटलं.

आता दीड-दीड एमएमच्या दोन थरांना सुई हाताने आरामात जाते. दोन सुयांच्या शिलाईत एकाच भोकातून दोरा दोनदा जातो ना, त्यामुळे भोक तेवढं हवंच, पण गोल पंच नका वापरू, त्यात दोरा सैल बसतो आणि बाजूला फट दिसते. डायमंडचं भोक तिरकं चिरल्यासारखं असतं, त्यात टाका छान तिरका बसतो, शेवटी हातोडीने हलकं ठोकलं की भोकं मिटतात. इंचाला साधारण ६ टाके येतात, बेल्टला, बॅगेला मस्त. कार्ड होल्डरसारखं नाजूक काम असेल तर ३ एमएम आणि ०.६ चा दोरा घ्या.

चिझलचे दात मात्र नवीन असताना खरखरीत होते, पॉलिश करावे लागले, म्हणून ५ पैकी ४. दोऱ्याला पूर्ण ५. दोरा शिलाईच्या चौपट कापा हां, मी एकदा शेवटच्या ४ टाक्यांना कमी पडलो.