क्वालिफायर बघण्यासाठी एक फाईल उतरवली, ₹38,399 गेले

1 जून 2025, रविवारची रात्र. अहमदाबादला मुंबई इंडियन्स आणि पंजाब किंग्ज यांचा आयपीएलचा क्वालिफायर-2 सामना पावसामुळे दोन तासांहून जास्त लांबला होता. बाबा पाठीला दोन उशा लावून टीव्हीसमोर बसले होते. वय 74, मार्चमध्ये बायपास झालेली. मी म्हणत होते, "बाबा, पडा आता, उद्या सकाळी निकाल कळेलच." ते म्हणाले, "सूर्याची बॅटिंग बघतो आणि झोपतो." आणि टीव्हीवर मात्र वर्गणी भरा अशी पाटी आलेली.

ही वेळ आमच्यावर कशी आली ते आधी सांगते, कारण बऱ्याच घरांत हेच झालेलं असणार. 2023 साली आयपीएल मोबाईलवर फुकट दिसायला लागली. 2024 मध्येही फुकटच होती. दोन मोसम आम्ही फोनवरून टीव्हीवर जोडून सामने पाहिले. मग केबलला दरमहा पैसे कशाला, म्हणून सेट-टॉप बॉक्स परत करून टाकला. 2025 च्या मोसमात त्याच सामन्यांना वर्गणी लागली. तोवर केबल गेलेली. वर्गणी भरायला माझी ना नव्हती, पण एकीने भागत नाही. भारतातल्या मालिकांचे हक्क एकाकडे, परदेश दौऱ्याचे त्या त्या देशाच्या बोर्डाने दुसऱ्याच कोणाला विकलेले, मुलाच्या फुटबॉलसाठी आणखी तिसरं अ‍ॅप. आधीच दोन वर्गण्या चालू होत्या. त्या रात्री मला खरोखर चीड आली होती.

पाऊस थांबायची वाट बघताना सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज दिसला. 'सगळे स्पोर्ट्स चॅनल, सगळे अ‍ॅप, वर्षभर फक्त ₹199. फायनलपर्यंतच ऑफर.' आमच्याच मजल्यावरच्या काकांनी पुढे पाठवला होता. काकांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यांनाही तो कुठूनतरी आलेला. पण ओळखीच्या माणसाच्या नावाखाली आला, म्हणून मी तपासलं नाही.

लिंक दाबली, एका चॅनलवर गेले. तिथे हजारो सभासद दिसत होते, 'थँक यू सर, एकदम क्लिअर' असे मेसेज एकामागून एक पडत होते. मी पैसे कसे भरायचे विचारलं तर चॅनल चालवणाऱ्याचं उत्तर आलं, "ताई, आधी अ‍ॅप टाकून बघा, आवडलं तरच पैसे द्या." ही मराठीतली 'ताई' मला आठवते आहे. माझा नंबर मराठी ग्रुपमधून आला हे त्याला माहीत असणार.

त्याने एपीके फाईल पाठवली, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये थेट अ‍ॅप टाकायची फाईल. फोनने सांगितलं की ही फाईल धोक्याची असू शकते. चॅनलवर त्याचंही उत्तर तयार होतं: 'प्ले स्टोअरवर नसल्यामुळे वॉर्निंग येते, घाबरू नका.' मी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. मग त्या अ‍ॅपने एकेक परवानगी मागितली. मेसेज वाचण्याची, नोटिफिकेशन बघण्याची. सामना दाखवणाऱ्या अ‍ॅपला माझे मेसेज कशाला हवेत, हा प्रश्न त्या क्षणी डोक्यात आला नाही. खेळ सुरू होत होता.

शेवटी अ‍ॅपच्या आतच एक पान उघडलं. 'खातं पडताळणीसाठी ₹1 भरा.' त्यावर माझ्या बँकेच्या नावासारखं नाव, डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरायच्या चौकटी. मी भरले. रुपया गेला आणि सामना सुरू झाला. चित्र स्वच्छ होतं. कुठून तरी चोरलेलं प्रक्षेपण असणार, पण चालत होतं.

बाबांनी सूर्याचे फटके पाहिले. मुंबईने 203 केले, तरी श्रेयस अय्यरने नाबाद 87 काढून पंजाबला जिंकवलं. सामना संपायला मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. मुंबई हरली तरी बाबा खूश होते. मुंबईतच घडलेला मुलगा मुंबईविरुद्ध असा खेळला, याचं त्यांना कौतुक. मीही खूश होते. सोमवारी मी स्वतः ते अ‍ॅप बहिणीला सुचवलं. हे लिहिताना मला अजून लाज वाटते. नशीब, तिच्याकडे आयफोन असल्यामुळे ती फाईल चाललीच नाही.

दोन दिवस काहीही झालं नाही. मला वाटतं, हे दोन दिवस मुद्दामच दिले जातात. लगेच पैसे गेले असते तर मी लगेच सावध झाले असते.

3 जून, मंगळवार. फायनल. बेंगळुरूचे 190 झाले होते आणि पंजाबची बॅटिंग चालू होती. आमच्या घरात, शेजारी, सगळीकडे सगळे टीव्हीसमोर. मी मुलासाठी ऑनलाईन औषध मागवायला गेले, तर खात्यात पुरेशी शिल्लक नाही असं आलं. बँकेचं अ‍ॅप उघडलं. तासाभरात तीन व्यवहार झालेले: ₹9,999, ₹14,500 आणि ₹13,900. ओटीपीचे तिन्ही मेसेज इनबॉक्समध्ये होते. पण त्यांची नोटिफिकेशन मला दिसलीच नाहीत, कारण मीच दिलेल्या परवानगीने ते अ‍ॅप ती वाचून बाजूला सारत होतं. कार्डाचे आकडे रविवारी दिले होते, ओटीपी त्यांनी माझ्याच फोनमधून उचलले. कोणाचा फोन नाही, कोणी ओटीपी विचारला नाही. "मी ओटीपी कोणालाच सांगत नाही, मग मला कोण फसवणार" असं मी आदल्याच आठवड्यात आईला म्हटलं होतं.

इथून पुढचं नीट वाचा, कारण यातली मिनिटं महत्त्वाची असतात. मी आधी त्या फोनचं इंटरनेट बंद केलं. नवऱ्याच्या फोनवरून बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर कार्ड बंद केलं आणि तक्रार क्रमांक घेतला. लगेच 1930 लावला. ही पैशांच्या सायबर फसवणुकीसाठीची सरकारी हेल्पलाईन. तिथे व्यवहाराचे क्रमांक, रक्कम, वेळ विचारतात, म्हणून बँकेचे मेसेज समोर ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत तक्रार पोचली तर ते जिथे असतील तिथे गोठवले जातात. माझा तिसरा व्यवहार, ₹13,900 चा, असा एका वॉलेटमध्ये अडकला. पहिले दोन पुढे गेले होते. त्याच रात्री राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर लेखी तक्रार केली, स्क्रीनशॉट जोडले. या धावपळीत फायनलची शेवटची ओव्हर झाली. बेंगळुरू सहा धावांनी जिंकलं ते मला बाबांच्या खोलीतून आलेल्या आवाजावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी शाखेत गेले. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, पण नियम स्पष्ट होता. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कार्डाचे आकडे मी भरले होते. कळवल्यानंतर काही गेलं असतं तर ती जबाबदारी बँकेची. फोन फॅक्टरी रिसेट केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला. नुसतं अ‍ॅप काढून टाकण्यावर विसंबू नका. सगळे पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदलले.

सामना कुठे बघायचा, हा प्रश्न तरीही उरतोच, आणि तो खरा आहे. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली क्रिकेटच्याच प्रक्षेपणाच्या खटल्यात म्हटलं. 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. पण ते खासगी केबल किंवा डीटीएचवरच्या दूरदर्शनवर दाखवता येत नाही, 2017 मध्ये न्यायालयाने तसं ठरवलं. ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि डीडी फ्री डिशवर दिसतं. फ्री डिशला डबा आणि छत्री एकदाच घ्यावी लागते, मासिक शुल्क नाही. आम्ही आता ती बसवली आहे. आयपीएलसाठी मात्र आम्हाला वर्गणीच भरावी लागते. ज्या वर्गणीवर मी चिडले होते ती काही शेकड्यांची होती. ती अधिकृत अ‍ॅप किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच भरा. परवडत नसेल तर नातेवाईकाकडे जाऊन बघा, पण अनोळखी फाईल फोनमध्ये घेऊ नका. घरात आजारी माणूस वाट बघत असेल तेव्हा तर मुळीच नाही, कारण मन तेव्हा फार घाईत असतं.

बाबांना मी आठवडाभर काही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मला रेडिओ चालला असता गं." बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनावर त्यांनी क्रिकेट ऐकलेलं आहे.

20 जूनला इंग्लंडमध्ये भारताची कसोटी मालिका सुरू झाली. त्या सकाळी माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर तोच मजकूर आला, चॅनलचं नाव नवीन, किंमत ₹249. मी लगेच खाली माझ्यासोबत काय झालं ते लिहिलं, मेसेज काढून टाकायला लावला आणि स्क्रीनशॉट माझ्या तक्रारीला जोडायला पोलिसांकडे दिला. दुपारी एका सहकाऱ्याने हळूच विचारलं, "मॅडम, मी कालच टाकलंय ते अ‍ॅप. आता काय करू?" आम्ही तिथेच त्याच्या फोनचं इंटरनेट बंद केलं आणि माझ्या फोनवरून त्याच्या बँकेला फोन लावला.