पार्ल्यातली स्पॅनिशची वीकेंड बॅच: इम्परफेक्ट सबजंक्टिव्हसाठी जावं का?

पार्ले ईस्टला स्टेशनपासून चालत, बी टू लेव्हल (मधल्या पातळीच्या वरची). बाकी सगळं ठीकठाकच, पण इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह (भूतकाळातली इच्छा किंवा 'असतं तर' सांगणारं क्रियापदाचं रूप) इथे ज्या पद्धतीने शिकवतात ना, तेवढ्यात फी वसूल. इतर ठिकाणी रूपांच्या टेबलची झेरॉक्स हातात देतात आणि करा पाठ म्हणतात, इथे मॅडम एकच रूप घट्ट धरायला लावतात, साध्या भूतकाळातलं 'ते'चं (अनेकवचनी). तुबिएरोन (त्यांच्याकडे होतं) घ्या, शेवटचं रोन उडवा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावत सुटा, झालं तुबिएरा. हाब्लारोनचं हाब्लारा, दिखेरोनचं दिखेरा. क्रियापद जे काय वाकडं व्हायचं ते आधीच होऊन आलेलं असतं, नवीन अपवाद नाहीच! सेर (असणे) आणि इर (जाणे) दोघांचं फ्वेरोन, म्हणून दोघांचं फ्वेरा. फक्त 'आम्ही'च्या रूपात रामोसच्या आधीच्या स्वरावर अ‍ॅक्सेंट, तो विसरलात की मॅडम मार्क कापणार म्हणजे कापणार.

से, सेस, से वाला दुसरा सेट ओळखण्यापुरताच घेतात. मला पटलं, कारण बोलताना रा वालाच जास्त चालतो आणि कॉफी मागतानाचं नम्र किसिएरा ('मला हवं होतं') तर से लावून कोणी म्हणत नाही.

वापर पण मराठीतून समजावतात. 'तू यावंस असं मला वाटत होतं' म्हटलं की केरिआ के बिनिएरास आपोआप बसतं. मग जर-तर. 'पैसे असते तर' वर वाक्य करा म्हटल्यावर अख्ख्या बॅचने घरच घेतलं, मुंबईकर दुसरं काय घेणार. सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारिआ उना कासा. इथे बहुतेक जण दोन्हीकडे कोंप्रारिआतलं रिआ लावून मोकळे होतात, स्पेनच्या उत्तरेला काही लोक बोलताना लावतात म्हणे तसं, पण परीक्षेत सी (जर) नंतर ते चूकच.

आता कटकटी. बोलायची प्रॅक्टिस फार कमी, नोट्स म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फळ्याचे तिरके फोटो, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की ठाणे-डोंबिवलीची मंडळी येईपर्यंत लेक्चर रखडतं, एसीचं तर विचारूच नका. आणि हो, साधा भूतकाळ कच्चा असेल तर थेट या बॅचला पैसे भरू नका, आधीची लेव्हल करा, नाहीतर मॅडम रोन उडवायला सांगतील आणि तुम्ही रोन शोधत बसाल.