लास वेन्तास, माद्रिद : वास्तू जरूर बघा, कोरिदाचं तिकीट काढू नका

मे महिन्याच्या सुट्टीत स्पेनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना माद्रिदमध्ये नेमका सान इसिद्रोचा उत्सव गाठतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनपर्यंत लास वेन्तासच्या रिंगणात जवळजवळ रोज संध्याकाळी कोरिदा, म्हणजे माणूस आणि बैल यांची झुंज, असते, आणि ‘स्पेनला जाऊन हे पाहिलं नाही तर काय पाहिलं’ असं सांगणारे हमखास भेटतात. पैसे मोजण्याआधी त्या पैशांत काय मिळतं हे नीट माहीत असावं, म्हणून हा परिचय.

आधी वास्तूबद्दल. मेट्रोच्या २ आणि ५ नंबरच्या लाइनवर वेन्तास स्टेशन आहे, वर आलात की समोरच लाल विटांची भव्य गोल इमारत दिसते. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी, रंगीत टाइल्स, अरबी वळणाची नक्षी. १९३१ साली इथे पहिली कोरिदा झाली. सुमारे २३ हजार माणसं बसतात, मधल्या वाळूच्या रिंगणाचा व्यास साधारण ६० मीटर. बाहेरच्या चौकात पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा अर्धपुतळा आहे आणि त्याच्यासमोर एक मातादोर, म्हणजे बैलाला तलवारीने मारणारा झुंजार, टोपी उंचावून अभिवादन करतोय. हे स्मारक १९६४चं. बैलाचं शिंग मातादोरच्या मांडीत घुसतं तेव्हा त्याबरोबर माती, शेण आणि कपड्याच्या चिंध्याही आत जातात. पेनिसिलिन येण्यापूर्वी मातादोर जखमेपेक्षा ती सडल्यामुळे जास्त मरत. आत काय चालतं याची कल्पना यायला हा पुतळाच पुरेसा आहे.

तिकिटाचा दर दोन गोष्टींवर ठरतो : ऊन की सावली, आणि रिंगणापासून किती जवळ. ९, १०, १ आणि २ हे विभाग सावलीचे, म्हणून महाग. पहिल्या रांगांचं तिकीट शंभर युरोंच्या पुढे जातं, उन्हातल्या अगदी वरच्या गॅलरीत मात्र स्वस्तात जागा मिळते. बाकं दगडी आणि अरुंद, मागच्याचे गुडघे पाठीला लागतात, म्हणून गादी भाड्याने घेतात. उन्हाच्या बाजूचा ७ नंबरचा विभाग सर्वांत कडक प्रेक्षकांचा म्हणून ओळखला जातो. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावं लागेल.

आता कार्यक्रम. सहा बैल, तीन मातादोर, प्रत्येकाच्या वाट्याला दोन. एका बैलाला साधारण वीस मिनिटं, सगळं मिळून दोन ते अडीच तास. बैल चार वर्षं पूर्ण झालेला आणि सहाच्या आतला लागतो. माद्रिदसारख्या पहिल्या दर्जाच्या रिंगणासाठी वजन किमान ४६० किलो. पशुवैद्य तपासतात, दुपारी चिठ्ठ्या टाकून बैल वाटले जातात. एवढी शिस्त पाहून परक्या माणसाला वाटतं की सगळं काळजीपूर्वक चाललंय. काळजी खरोखरच घेतली जाते, पण ती ठरलेला शेवट ठरलेल्या पद्धतीने व्हावा याची.

पहिला टप्पा घोडेस्वार पिकादोरचा. त्याच्या लांब भाल्याचं पोलादी टोक तीन धारांचं असतं : लांबी २९ मिलिमीटर, बुडाशी रुंदी १९ मिलिमीटर. त्यामागे ६० मिलिमीटरचा जाड थांबा आणि मग आडवी दांडी, म्हणजे भाला आणखी आत जाऊ नये. या बैलाला आपल्या खिल्लारासारखं वशिंड नसतं, मानेवर स्नायूंचा जाड उंचवटा असतो. डोकं वर धरून ठेवणारे स्नायू तेच, आणि भाला मारायचा तोही तिथेच. डोकं खाली झुकलं नाही तर पुढे तलवारीला वाट मिळत नाही. पहिल्या दर्जाच्या रिंगणात असे निदान दोन वार नियमानेच लागतात.

इथेच सर्वांत जास्त गडबड होते. बैल घोड्यावर जोर लावून ढकलत राहतो आणि पिकादोर आपलं सगळं वजन भाल्यावर टाकतो. दोघेही हलत असतात. आडवी दांडी एका दिशेने खोली रोखते, पण भाला त्याच भोकात कलला की जखम आतल्या आत दोन-तीन दिशांना फाटत जाते. भाला गिरमिटासारखा फिरवणं आणि घोडा आडवा घालून बैलाची निघून जाण्याची वाट अडवणं, दोन्हींना नियमाने मनाई आहे. तरी दोन्ही होतं, प्रेक्षक शिट्ट्या मारतात, पण तोवर वार झालेला असतो. टोक मानेऐवजी मागे पाठीवर किंवा खांद्यात गेलं तर बैल पुढे लंगडतो, गुडघ्यांवर बसतो. मग लोक त्यालाच ‘कमजोर’ म्हणून हिणवतात आणि बदलून द्या म्हणून हिरवे रुमाल हलवतात.

घोड्याची बाब पर्यटकांना सहसा कोणी सांगत नाही. १९२८पर्यंत पिकादोरचे घोडे उघड्या अंगाने उभे राहत आणि शिंगांनी त्यांची पोटं फाटत. त्या वर्षी जाड गादीचं संरक्षक आवरण सक्तीचं झालं. आज घोडा ५०० ते ६५० किलोंचा असतो, आवरण तीस किलोंपर्यंतचं, उजव्या डोळ्यावर पट्टी. पोट फाटणं जवळजवळ थांबलं. अर्धा टन वजनाची धडक मात्र गादीतूनही पोचते, घोडा कधी उचलला जातो, कधी स्वारासकट आडवा पडतो. धक्का कुठून येतोय हे त्याला दिसू नये, अशीच व्यवस्था असते.

दुसरा टप्पा बांदेरियांचा. रंगीत कागद गुंडाळलेल्या साधारण ७० सेंटिमीटरच्या काठ्या, टोकाला ६ सेंटिमीटरचं पोलाद आणि गळासारखा उलटा काटा. दोन ते तीन जोड्या मानेजवळ रोवतात. काटा उलटा असल्यामुळे त्या गळून पडत नाहीत. बैलाच्या प्रत्येक पावलासरशी काठी हेलकावते आणि आतला काटा हलतो. छायाचित्रांत हा भाग सर्वांत रंगीत दिसतो, म्हणून पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांवर बहुधा हाच असतो.

तिसऱ्या टप्प्यात मातादोर लाल कापड घेऊन एकटा उतरतो. घड्याळ लावलेलं असतं : दहा मिनिटं झाली की पहिला इशारा, आणखी तीन मिनिटांनी दुसरा, आणखी दोन मिनिटांनी तिसरा. तिसऱ्यानंतर बैल परत नेतात आणि आवारात मारतात. तलवार मुठीपासून टोकापर्यंत जास्तीत जास्त ८८ सेंटिमीटर. ती दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधल्या लहानशा फटीतून आत जावी आणि मोठी रक्तवाहिनी कापावी अशी अपेक्षा असते. बैलाचे पुढचे पाय जुळलेले असले आणि डोकं खाली असलं तरच ती फट उघडते. पाय फाकलेले असले की टोक हाडावर आदळून तलवार उसळते, आणि प्रयत्न पुन्हा. वार खाली गेला तर फुप्फुस फुटून तोंडा-नाकातून रक्त येतं. तिरका गेला तर पातं बरगड्यांमधून बाहेर डोकावतं. मग सहायक दोन्ही बाजूंनी कापडं नाचवून बैलाला गरागरा फिरवतात, कारण त्यामुळे आतलं पातं हलतं.

तरी उभा राहिला तर दुसरी तलवार, टोकापासून १० सेंटिमीटरवर आडवा अडसर असलेली, कवटीच्या मागे मज्जारज्जूत खुपसतात. तीही एका वारात लागेलच असं नाही. शेवटी खाली बसलेल्या बैलाच्या मानेत आखूड सुरा. मज्जारज्जू तुटला की हालचाल आणि श्वास थांबतो, मेंदूची जाणीव मात्र त्याच क्षणी थांबत नाही. लांबून पाहणाऱ्याला बैल गेला असं वाटतं तेव्हा तो गेलेला असतोच असं नाही. मग खेचरं त्याला ओढत नेतात, वाळू सारखी करतात आणि पुढचा दरवाजा उघडतो.

एवढं तपशिलात सांगण्याचं कारण असं : कोरिदात झालेल्या इजेला ‘अतिरेक’ किंवा ‘चूक’ म्हणून बाजूला काढता येत नाही. भाल्याने मान थकते म्हणून काठ्या रोवता येतात, दोन्हींमुळे डोकं खाली येतं म्हणून कापडाचा खेळ जमतो, खेळाने बैल थांबतो म्हणून तलवार लागते. एकही टप्पा सौम्य करायचा म्हटलं तर पुढचा उभा राहत नाही. जखम याच कार्यक्रमाचं यंत्र आहे आणि तिकीट त्या यंत्राचं आहे.

माणसांचंही तेच. २० मे २०१४ला याच रिंगणात तिन्ही मातादोर दुसऱ्या बैलापर्यंतच जखमी झाले आणि कार्यक्रम बंद करावा लागला. २०१०च्या मेमध्ये इथेच मातादोर हुलिओ आपारिसिओच्या गळ्यातून शिरलेलं शिंग तोंडातून बाहेर आलं. तो वाचला. मातादोर व्हिक्तोर बार्रिओ ९ जुलै २०१६ला तेरुएल इथे मेला, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना. पुढच्याच वर्षी जूनमध्ये इव्हान फांदिन्यो फ्रान्समधल्या रिंगणात शिंग लागून दगावला. रिंगणालगत शस्त्रक्रियेची खोली आणि सर्जन सज्ज ठेवावे लागतात, यावरून धोका किती गृहीत धरला आहे ते कळतं.

‘मातादोर स्वखुशीने उतरतो’ हे उत्तर अर्धंच आहे. तो शिंगापासून किती अंतरावर उभा राहणार हे बसलेली माणसं ठरवतात. अंतर वाढलं की ७ नंबरमधून शिट्ट्या सुरू होतात, अंतर घटलं की टाळ्या. वार झाल्यावर बहुसंख्य प्रेक्षकांनी पांढरे रुमाल हलवले तर बैलाचा एक कान बक्षीस मिळतो, दुसऱ्या कानाचा निर्णय कार्यक्रमाच्या अध्यक्षांचा. पुढच्या मोसमाची कामं आणि मानधन या कानांवर अवलंबून असतं. वीस-बावीस वर्षांच्या होतकरू पोराला शिंगाच्या आणखी जवळ ढकलणाऱ्या त्या आवाजात तिकीट काढलेल्या प्रत्येकाचा आवाज मिसळलेला असतो, गप्प बसलेल्याचा पैसाही.

कोरिदाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. हा बैल चार-पाच वर्षं ओकच्या विरळ रानात, विस्तीर्ण कुरणांवर मोकळा वाढतो. मांसासाठी बंदिस्त वाढवलेल्या बहुतेक गुरांना तसं आयुष्य मिळत नाही. पण म्हणून शेवटची वीस मिनिटं माफ होत नाहीत. युरोपीय संघाच्या २००९च्या नियमानुसार कत्तलखान्यात जनावराला मारण्याआधी सर्वसाधारणपणे बेशुद्ध करावं लागतं. त्याच नियमातून सांस्कृतिक आणि क्रीडा कार्यक्रमांत मारली जाणारी जनावरं वगळली आहेत. स्पेनच्या २०२३च्या प्राणीकल्याण कायद्यानेही झुंजीच्या बैलांना बाहेर ठेवलं. कत्तलखान्यात जे बेकायदा ठरतं ते इथे तिकीट लावून होतं.

स्पेनमध्येही याबद्दल एकमत नाही. कॅनरी बेटांनी १९९१मध्येच बंदी घातली. कातालुन्या प्रदेशाने २०१०मध्ये बंदीचा कायदा केला, २०११च्या सप्टेंबरमध्ये बार्सिलोनात शेवटची कोरिदा झाली. २०१६मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती बंदी रद्द केली, तरी तिथे कोरिदा परतली नाही. त्याच कातालुन्यात शिंगांना पेटते गोळे बांधून बैल गल्ल्यांत सोडण्याचे खेळ मात्र या बंदीतून सुटले. २०२४मध्ये स्पेनच्या सांस्कृतिक मंत्रालयाने बैलझुंजीचा राष्ट्रीय पुरस्कार बंद केला आणि त्याच वर्षी कोलंबियाने तीन वर्षांची मुदत देऊन कोरिदावर बंदीचा कायदा केला.

आपल्याकडून गेलेला माणूस इथे हमखास बैलगाडा शर्यतींचा विषय काढतो, आणि तो काढायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शर्यती थांबवल्या, महाराष्ट्राने २०१७मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने ती वैध ठरवली. त्या दुरुस्तीत बैलाला इजा करणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे आपल्याकडे काठी, आर, शेपटी पिरगाळणं हा गुन्हा आहे. तो प्रत्येक मैदानात रोखला जातो का, हा प्रश्न आपण विचारू शकतो आणि विचारलाच पाहिजे. कोरिदात तो प्रश्न विचारायलाच जागा नाही, कारण तिथे इजा हाच नियम. पोळ्याला आणि बेंदराला बैलापुढे पुरणपोळी ठेवणाऱ्या घरातून आलेल्या प्रेक्षकाला दोन्हींकडे सारख्याच कडक नजरेने बघता यायला हवं.

मुलं बरोबर असतील तर आणखी एक. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१८मध्ये स्पेनला शिफारस केली की अठरा वर्षांखालच्यांना या कार्यक्रमांत सहभागी होऊ देऊ नये आणि प्रेक्षक म्हणूनही बसू देऊ नये. दाराशी कोणी अडवेल या भरवशावर राहू नका.

मग लास वेन्तासला जावं का? दिवसा जावं. वास्तूची फेरी तिकिटावर मिळते, ध्वनिमार्गदर्शक असतो, प्रत्यक्ष वाळूपर्यंत जाता येतं आणि संग्रहालयही बघता येतं. १९४७मध्ये लिनारेसला शिंग लागून मेलेल्या मातादोर मानोलेतेचा त्या दिवशीचा पोशाख तिथे आहे, भिंतींवर बैलांची डोकी आहेत. तासाभरात नीट बघून होतं. कोरिदाच्या दिवशी फेरी लवकर बंद होते, म्हणून सकाळची वेळ धरा. पॅकेजमध्ये ‘ऐच्छिक’ म्हणून कोरिदा घातली असेल तर निघण्यापूर्वीच, लेखी, ती काढून टाकायला सांगा. नंतर पैसे परत मिळणं कठीण असतं.

आणि एवढं वाचूनही कुणाचा हट्ट असेलच, तर हा नियम माहीत असू द्या : बैल रिंगणात असताना जागेवरून उठून ये-जा करता येत नाही, वाट दोन बैलांच्या मधल्या वेळेतच मोकळी होते. पहिल्या भाल्याला पोटात ढवळलं किंवा मूल रडायला लागलं तरी तो बैल मरेपर्यंत बसून राहावं लागतं. म्हणून जागा घ्यायचीच तर जिन्याला लागून असलेली घ्या, आणि पहिली खेचरं आत आली की उठा.