गोष्टीत शिरणारी मुलं : तीन मालिकांपैकी आधी कोणती आणावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या पुष्कळ मराठी घरांत मुलांचं असं असतं. घरात मराठी, गल्लीत मराठी आणि कन्नड दोन्ही, शाळेत इंग्रजी. पाचवीतलं पोरगं इंग्रजीचा धडा घडाघडा वाचून दाखवतं, पण गोष्टीचं इंग्रजी पुस्तक आपणहून हातात घेत नाही. अशा मुलासाठी काय आणू, असं कुणी विचारलं की मी परीकथेत शिरणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्या सुचवते. सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली मुलगी यांच्या गोष्टी मुलांना आधीपासून ठाऊक असतात. त्यामुळे भाषा अडली तरी गोष्ट अडत नाही.

या प्रकारातल्या तीन मालिका विशेष वाचल्या जातात. सारा म्लिनोव्स्की यांची ‘व्हॉटेव्हर आफ्टर’, ख्रिस कोल्फर यांची ‘द लँड ऑफ स्टोरीज’ आणि मायकेल बकली यांची ‘द सिस्टर्स ग्रिम’. तिन्ही मुळात इंग्रजीत, तिन्हींत बहीण-भाऊ किंवा बहिणी-बहिणी. वरवर पाहिलं तर तिन्ही सारख्याच वाटतात. पण चुकीची हातात पडली तर मूल चाळीस पानांत पुस्तक मिटवतं आणि ‘मला इंग्रजी पुस्तकं आवडत नाहीत’ असं ठरवून मोकळं होतं. म्हणून आधी कोणती, याचा विचार करायला हवा.

पहिल्यांदाच वाचणाऱ्या मुलासाठी माझं उत्तर ठाम आहे : ‘व्हॉटेव्हर आफ्टर’. पहिला भाग ‘फेअरेस्ट ऑफ ऑल’ 2012 साली आला. दहा वर्षांची अ‍ॅबी आणि सात वर्षांचा जोना नव्या गावात राहायला येतात. घराच्या तळघरात एक जुना आरसा असतो. त्यावर मध्यरात्री तीनदा टकटक केली की दोघं थेट हिमगौरीच्या गोष्टीत जाऊन पडतात. तिथे विषारी सफरचंद घेऊन आलेली म्हातारी दिसते आणि कुठलंही शहाणं मूल करील तेच ही दोघं करतात. हिमगौरीला ते सफरचंद खाऊ देत नाहीत.

आणि इथेच गंमत सुरू होते. सफरचंद खाल्लं नाही तर ती निपचित पडणार नाही, पडली नाही तर राजपुत्राची भेट नाही. मुलांनी चांगुलपणानं गोष्ट मोडून ठेवली! आता ती निस्तरायची कशी, हेच उरलेलं पुस्तक. माझी शहापूरची भाची या जागी आली तेव्हा पुस्तकात बोट ठेवून स्वयंपाकघरात धावत आली. ‘मावशी, आता राजपुत्र यायचाच नाही की काय गं?’ म्हटलं, वाच की पुढं. ती तिथेच ओट्याला टेकून वाचत उभी राहिली. तिला शाळेबाहेरचं इंग्रजी वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

अ‍ॅबी स्वतःच गोष्ट सांगते, त्यामुळे वाक्यं छोटी आणि बोलण्यातली आहेत. पुस्तकही लहानसं आहे. प्रत्येक भागात वेगळी परीकथा, दुसऱ्यात सिंड्रेला. पहिला भाग आधी वाचावा, मग पुढचे मिळतील तसे मागेपुढे वाचले तरी चालतात. आपल्याकडे हे सोयीचं पडतं, कारण दुकानात मालिकेचे सगळे भाग ओळीनं मिळतीलच असं नाही. उणीव सांगायची तर चार-पाच भागांनंतर साचा कळतो. आरसा, गोंधळ, निस्तरणं, परत घर. बारा वर्षांच्या तरबेज वाचकाला हे हलकं वाटेल. पण नऊ-दहाच्या मुलाला साचा ओळखीचा झालेला आवडतो.

‘द लँड ऑफ स्टोरीज’ ही या तिघींतली सगळ्यात भरगच्च, आणि माझी सगळ्यात आवडतीही. 2012 ते 2017 या काळात सहा भाग आले. ते क्रमानंच वाचायला हवेत. अ‍ॅलेक्स आणि कॉनर ही जुळी भावंडं. वडील जाऊन जेमतेम वर्ष होत आलेलं, आई नर्स, कामाच्या पाळ्यांत अडकलेली. बाराव्या वाढदिवसाला आजी त्यांना परीकथांचं जुनं पुस्तक देते. ते पुस्तक गुणगुणू लागतं, उजळतं, पानावर पडलेली पेन्सिल गिळून टाकतं. शेवटी ती दोघं त्यात पडतात.

आतली दुनिया मात्र ‘मग ते सुखानं नांदू लागले’ या वाक्याच्या पुढची आहे. लाल टोपीवाली मुलगी राणी झालीय आणि लांडग्यांच्या भीतीनं तिच्या राज्याभोवती भिंत आहे. तीन अस्वलांच्या घरात शिरलेली गोल्डीलॉक्स आता फरार गुन्हेगार आहे आणि तिच्या घोड्याचं नाव आहे ‘पॉरिज’, म्हणजे तिनं तेव्हा चोरून खाल्लेली लापशी. जुळ्यांना घरी परतायचं तर आठ वस्तू गोळा कराव्या लागतात. सिंड्रेलाची काचेची चप्पल, रापुन्झेलच्या केसांची बट, अशा. त्यांच्या मागोमाग हिमगौरीची सावत्र आई, ती दुष्ट राणीही त्याच वस्तूंच्या शोधात आहे. ती अशी का झाली, याचं उत्तर पुस्तक गंभीरपणे देतं. मुलांच्या पुस्तकात वाईट माणसाला इतकी जागा क्वचित मिळते.

पण हे पुस्तक जाड आहे आणि गोष्टीत पडायच्या आधीची बरीच पानं घर-शाळेतच जातात. पहिल्यांदाच वाचणाऱ्या मुलाच्या हाती एकट्यानं देऊ नका. त्यासाठी मी सांगते तो मार्ग : मोठ्यांपैकी कुणीतरी एक प्रकरण आधी वाचावं आणि रात्री जेवणं झाल्यावर मराठीतून सांगावं. गोल्डीलॉक्सचं प्रकरण आलं की मूल मूळ गोष्ट विचारतं, मग ती सांगावी लागते, आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’पासून सगळ्या जुन्या गोष्टी बाहेर पडतात. आज्जी घरात असतील तर हे काम त्यांच्याकडेच सोपवा. पाचवी-सहावीतलं मूल मग आपणहून पुस्तक ओढून घेतं, कारण रोज एका प्रकरणावर थांबणं त्याला जमत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं असेल तिथे हे पुस्तक द्यायच्या आधी स्वतः चाळा. वडिलांची आठवण त्यात पुन्हा पुन्हा येते. काही मुलांना त्यानं धीर येतो, काहींना नको होतं.

‘द सिस्टर्स ग्रिम’ उलट दिशेनं जाते. इथे मुलं गोष्टीत शिरत नाहीत, गोष्टच आपल्या जगात येऊन राहिलेली आहे. 2005 ते 2012 दरम्यान नऊ भाग आले. साब्रिना आणि डॅफ्नी या जर्मन परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या वंशातल्या. आईवडील बेपत्ता, परक्या घरांतून परक्या घरांत फिरून शेवटी आजीकडे, न्यूयॉर्क राज्यातल्या फेरीपोर्ट लँडिंग या गावी पोचतात. तिथे परीकथांतली सगळी मंडळी राहतात आणि जादूच्या बंधनामुळे त्यांना गावाबाहेर जाता येत नाही. राजपुत्र चार्मिंग महापौर आहे, तीन डुकरं पोलीस खात्यात. गुन्ह्याचा तपास हा कणा, म्हणून पहिल्या भागाचं नावच ‘द फेअरी-टेल डिटेक्टिव्हज’. ज्याला हेरकथा आवडतात आणि वय अकरा-बारा आहे, त्याला ही द्या. साब्रिनाचा राग आणि मोठ्यांवरचा अविश्वास खरा आहे, मारामारीही जास्त आहे. आठ-नऊच्या मुलाला नको. आईवडिलांचं रहस्य भागांमागून भाग चालतं, तेव्हा मधूनच उचललेला भाग वाया जातो.

आणखी एक तयारी तिन्हींसाठी लागते. आपल्या मुलांना या परीकथा बहुतेक कार्टूनमधून माहीत असतात. ग्रिम बंधूंचा पहिला खंड 1812 मध्ये निघाला. त्यात सिंड्रेलाची चप्पल सोन्याची आहे, काचेची चप्पल फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या 1697 च्या गोष्टीतली. ग्रिमच्या हिमगौरीला राजपुत्राच्या मुक्यानं जाग येत नाही. तिची शवपेटी नेताना धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा निघतो. हे एवढं जरी मुलाला आधी सांगितलं तरी पुस्तकांतले बारकावे त्याला टिपता येतात.

आणि सिंड्रेला काही परकी नाही. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन बेळगावच्या लिंगराज कॉलेजात शिकवत होते. कन्नड लोककथा गोळा करताना त्यांनी ‘हंची’ नोंदवली. मातीचा मुखवटा चढवून परक्या घरी स्वयंपाक करणारी ती मुलगी अभ्यासकांनी कन्नड सिंड्रेला म्हणून ओळखली. ‘व्हॉटेव्हर आफ्टर’चा दुसरा भाग वाचून झालेल्या भाचीला मी हंची सांगितली, मोठ्यांचा भाग वगळून. तिचा पहिला प्रश्न होता, अ‍ॅबी तिथे गेली तर मुखवटा काढायला सांगेल की ठेवायला. आम्ही अजून त्यावर भांडतोय.

दोन भावंडं असतील, एक आठचं आणि एक बाराचं, तर ‘व्हॉटेव्हर आफ्टर’ आणि ‘द लँड ऑफ स्टोरीज’चा पहिला-पहिला भागच आणा. पूर्ण संच मागवू नका. पहिला भाग दोनदा वाचला गेला तर दुसरा मागवा.