भाऊच्या धक्क्यावरून सासवण्याला: आठ महिन्यांच्या शनिवारांनंतर

मुंबई हे बेट आहे हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. भूगोलात शिकलो होतो, पण लालबागच्या माणसाला पाणी दिसतं ते जुलैत, रुळांवर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चाळीतले तीन जिने तिला झेपेनात, म्हणून ताई तिला अलिबागजवळ, मांडव्याच्या बाजूच्या सासवण्याला आपल्या घरी घेऊन गेली. तेव्हापासून, म्हणजे जूनपासून या जानेवारीपर्यंत, शनिवारआड मी पाण्यापलीकडे जातोय. गाड्याही नेणारी रो-रो बोट झाली, गेटवेची कॅटामरान झाली, रेवसची लाकडी लाँच झाली, आणि दोनदा नाइलाजाने रस्ता. आधी माझी समजूत होती की प्रश्न ‘कुठली बोट चांगली’ एवढाच आहे. खरा प्रश्न परतीचा असतो, हे कळायला भाऊबीज उजाडावी लागली. ते पुढे सांगतो.

पावसाळ्यात सुरुवात झाल्यामुळे निवड करायचा प्रश्नच नव्हता. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी साधारण मेअखेरीला बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. माझ्यापुरती उरली रो-रो. मार्च २०२० मध्ये ती सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊन लागला, त्यामुळे आमच्यातल्या पुष्कळांना अजूनही ती नवीनच वाटते. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला साधारण तासाभरात पोचवते. गाडी पोटात घालून जाते हे तिचं वैशिष्ट्य, पण गाडी नसलेल्यांनाही घेतात. मी बहुतेक वेळा पायीच चढलो. गाडीचं भाडं गाडीच्या आकारावर ठरतं आणि एकट्यासाठी ते जिवावर येतं. चारजण असतील, सामान असेल, आजारी माणूस असेल, तर मात्र पैसे वसूल. आईला गणपतीला घरी आणलं तेव्हा घेतली गाडी. तिला बोट लागते. वरच्या मजल्यावर उघड्यावर बसवलं, हातात आवळासुपारी दिली आणि सांगितलं की किनाऱ्याकडे बघत राहा, मोबाइलमध्ये बघू नकोस. तिने कुठे मोबाइल बघितलाय! सगळा वेळ शेजारच्या बाईच्या कुत्र्याकडे बघत होती. त्या कुत्र्याचंही तिकीट काढावं लागतं हे कळल्यावर तिची मळमळ जी पळाली ती मांडव्यापासून माझगावपर्यंत परत आली नाही.

धक्क्यावर पोचणं हे वेगळं प्रकरण. हार्बरच्या डॉकयार्ड रोडला उतरून टॅक्सी करायची. सकाळी मासळीच्या हातगाड्या, बर्फाचे ट्रक आणि पायाखाली ते गढूळ पाणी. पांढरे बूट घालून एकदाच गेलो. शिवाय ‘आठची बोट’ म्हणजे आठला दारात नव्हे. मी अर्धा-पाऊण तास आधी पोचतो, गाडी असेल तर त्याहूनही आधी.

जुलैतल्या एका शनिवारी पहाटे निरोप आला: हवामानामुळे फेरी रद्द. मग अटल सेतू. हा १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, लांबी २१.८ किलोमीटर, आणि शिवडीचं टोक आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. एका बाजूचा टोल २५० रुपये, जाऊन-येऊन ३७५. वीस-पंचवीस मिनिटांत चिर्ल्याला उतरलो, स्वतःवर खूश होतो. पेणच्या पुढे वडखळला जी रांग लागली त्यात सगळी खुशी जिरली. पोयनाड, कार्लेखिंड, मग चोंढीवरून पुन्हा उत्तरेला मांडव्याच्या बाजूला. सेतूने वाचवलेला वेळ खड्ड्यांनी व्याजासकट वसूल केला. अलिबाग शहरात किंवा त्याच्या खाली रेवदंड्याकडे जायचं असेल तर रस्त्याचा विचार करा. मांडवा, सासवणे, आवास, किहीम या पट्ट्यात जायचं असेल तर पाण्यासारखा रस्ता नाही.

सप्टेंबरपासून गेटवे उघडलं. कॅटामरान वेगवान, खिडकीत बसून चहा पिता येतो, आणि काही कंपन्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते. ही बस वाटेत चोंढीला थांबते, पण सासवण्याला तिचा उपयोग नाही. आम्हाला मांडव्याला उतरून रिक्षा किंवा मिनीडोरच बघावी लागते. ज्यांना उपयोग आहे त्यांनी बसच्या भरवशावरही किती राहायचं ते ठरवावं. एकदा मित्राला घेऊन गेलो, बोट उशिरा लागली आणि बस आम्हाला सोडून धूळ उडवत निघून गेली. कंपनीचं नाव घेत नाही. खिडकीवरच्या माणसाने खांदे उडवले, तेवढीच नुकसानभरपाई. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, त्यानंतर मी लाइफ जॅकेट मागून घेतो आणि नुसतं मांडीवर न ठेवता बांधतो. हसतात लोक. हसू देत. हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे लागतात, पोरं त्यांना गाठ्या फेकतात, तो तमाशा एकदा बघण्यासारखा आहे. दहाव्यांदा गाठ्या केसांत पडतात तेव्हा नाही.

आता रेवसची लाँच. भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते, दीड तासाच्या आसपास घेते, भाडं सगळ्यांत कमी. लाकडी बाकं, डिझेलचा धूर, कोथिंबिरीच्या जुड्या, एखादी कोंबडी. ऑफिसातल्या कुणाला मी ती सुचवणार नाही, पण मला तीच आवडते. तिची अडचण एकच, रेवसचा गाळ.

भाऊबीजेला सकाळी लाँचने गेलो. ताईने ओवाळलं, करंज्या बांधून दिल्या, भाच्याने बाइकवरून रेवसला सोडलं. सहाच्या सुमाराची लाँच धरायची होती. जेट्टीवर बघतो तर पाणीच नाही. नुसता काळा, चकचकीत चिखल, त्यात खेकड्यांची भोकं, आणि लाँच दूर पाण्यात उभी. एकाला विचारलं, कधी सुटेल? “पाणी आलं की.” पाणी कधी येईल? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं. तिथून मांडव्याला पळालो. दिवाळीची परतीची गर्दी, सगळ्या फेऱ्यांची तिकिटं आधीच संपलेली. रात्री परत ताईच्या दारात. आई म्हणाली, बरं झालं, राहिलेला फराळ संपव.

जेवताना भावोजींचे काका होते. त्यांचं आयुष्य होडीवर गेलंय. म्हणाले, “लगीन पंचांग बघून लावता, मग लाँच का नाय?” आणि हिशोब सांगितला, जो या किनाऱ्यावर पोराटोरांना येतो: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे आपली ओहोटी. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणून दुपारी दीडला भरती आणि संध्याकाळी साडेसातला पार तळ. त्यात अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाण: भरतीला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खाली जातं. थोडक्यात, भाऊबीजेच्या संध्याकाळी रेवसला पाणी नसणार हे दरवर्षी ठरलेलं आहे, आणि मी करंज्यांचा डबा घेऊन तिथे उभा होतो. लालबागच्या माणसाला हे आधीच कळायला हवं होतं. २०२५ मध्ये आमच्या राजाचं विसर्जन पौर्णिमेच्या सकाळच्या भरतीत अडकलं आणि रात्रीपर्यंत लांबलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. करा हिशोब.

हा हिशोब मिनिटाचा नाही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण ठरवायला पुरतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, तेव्हा लाँच सहसा अडत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे संध्याकाळची लाँच मी सोडूनच देतो. त्या दिवशी मांडव्याहून परतीचं तिकीट आधी काढतो, जायचं कसं ते नंतर बघतो. हा उलटा क्रम भाऊबीजेनंतर लागला. शेवटच्या फेरीच्या आधीची फेरी धरायची, शेवटची हाताशी ठेवायची, हेही तेव्हापासूनच.

आई आता काठीशिवाय चालते. मार्चमध्ये परत येईन म्हणते, पण ताईच्या अंगणातल्या शेवग्याला शेंगा लागल्यात, त्यामुळे खात्री नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती माझ्या शनिवारांपुढे पेन्सिलीने भरतीची वेळ लिहून ठेवते. काल फोनवर म्हणाली, “येत्या शनिवारी सप्तमी. संध्याकाळी सव्वापाचला पाणी आहे. लाँचनेच जा परत, आणि येताना धक्क्यावरून बोंबील आण.” सासवण्यात बोंबील मिळत नाहीत का, असं विचारलं नाही.