कच्च्या बिलावर घेतलेला लॅपटॉप

लॅपटॉप घेऊन तीन आठवडे झाले होते. मैत्रिणीच्या मुलीच्या हळदीचा अल्बम छापून आला, पहिलं पान उघडलं आणि पोटात धस्स झालं. नवरीचा चेहरा नारिंगी, हळद शेंदरी, लाल साडीचं सगळं नक्षीकाम एका रंगाच्या थरात बुडालेलं. हे फोटो मी रात्री जागून लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये केले होते. स्क्रीनवर हळद फिकट दिसायची, म्हणून मी रंग चढवत गेले. लॅबवाल्याने जे पाठवलं तेच छापलं होतं. माझी स्क्रीनच रंग दाखवत नव्हती.

मी डोंबिवलीत राहते, नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी फोटोग्राफी करते. मुलगा अकरावीत आहे, संध्याकाळी तासभर व्हॅलोरंट, कधी जीटीए खेळतो. दोघांत एक लॅपटॉप, बजेट ६५ हजारांच्या आत. आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, एवढं ठरलं होतं. माझा हट्ट फक्त स्क्रीनचा होता: १०० टक्के एसआरजीबी, म्हणजे फोटोंसाठी प्रमाण मानलेले सगळे रंग दाखवणारी. या किमतीच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या काटकसर करतात ती बहुतेकदा स्क्रीनवरच. एनटीएससी हे रंगांचं दुसरं माप, '४५ टक्के एनटीएससी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. असा पॅनल, म्हणजे स्क्रीनचा पडदा, एसआरजीबीतले जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. गेम खेळताना ते फारसं खटकत नाही, फोटोत मात्र घात होतो. शिवाय एकाच नावाचं मॉडेल दोन्ही पॅनलमध्ये विकलं जातं, फरक असतो मॉडेल नंबरच्या शेवटच्या चार-दोन अक्षरांत.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही फसले, ते बिलापाशी.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात गेले. तिथे चोख व्यवहार करणारे दुकानदार भरपूर आहेत, माझ्या भावाने दोनदा खरेदी केली आहे, त्याला कधी त्रास झाला नाही. मी ज्या दुकानात शिरले तिथे काउंटरवर मला हवं तेच मॉडेल चालू करून ठेवलेलं होतं. पेन ड्राइव्हमधले माझे फोटो लावून पाहिले, रंग सुरेख होते. आदल्या दिवशी त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमध्येही '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं होतं. किंमत जीएसटीसकट ६४ हजार.

मग दुकानदार हळूच म्हणाला, "मॅडम, बिल नको असेल तर साडेछप्पनला देतो. बिल घेऊन करायचंय काय? वॉरंटी सीरियल नंबरवर चालते."

साडेसात हजार वाचत होते. मी हो म्हटलं. गोडाउनमधून खोका आला, सील दिसत होतं. "विंडोज, ऑफिस सगळं टाकून देतो, वीस मिनिटं बसा," म्हणत तो खोका घेऊन आतल्या खोलीत गेला. सील फोडताना मी पाहिलं नाही. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला की देश, भाषा, अकाउंट विचारतो, माझा थेट डेस्कटॉपवर उघडला. ते मला सेटअप करून दिल्याचं सौजन्य वाटलं.

अल्बमच्या दिवशी रात्री मुलाने सगळं तपासायला घेतलं. चार्जिंग दीड तासात संपतं, ही त्याची तक्रार होतीच. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' एवढं इंग्रजीत टाइप केलं की विंडोज बॅटरीचा सगळा इतिहास काढून देतं. आमच्या बॅटरीची मूळ क्षमता ५२,५०० मिलिवॉट-तास, आता भरत होती ४३,९००, आणि चार्जिंगची आवर्तनं, म्हणजे बॅटरी पूर्ण वापरून पुन्हा भरण्याच्या फेऱ्या, १८७. तीन आठवड्यांत १८७! लॅपटॉपच्या पोटावरचा सीरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर वेगळे निघाले. कंपनीच्या साइटवर पोटावरचा नंबर टाकला, तर वॉरंटी नऊ महिन्यांपूर्वीच सुरू झालेली. डिव्हाइस मॅनेजरमधून पॅनलचा क्रमांक काढून शोधला, ४५ टक्के एनटीएससी. म्हणजे काउंटरवर दाखवला एक आणि हातात दिला वापरलेला, तोही हलक्या पॅनलचा.

वॉरंटी सीरियल नंबरवर चालते, हे तो खरंच बोलला होता. म्हणूनच ती संपत आली होती. कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं, जीएसटी बिल पाठवा, खरेदीची तारीख दुरुस्त करू. माझ्याकडे 'एस्टिमेट' असं छापलेला कागद होता. त्यावर दुकानाचं नाव नाही, मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही. यूपीआयचे पैसेही दुकानाच्या नावावर न जाता कुणा भलत्याच्याच नावावर गेलेले. मी परत गेले तेव्हा तोच माणूस म्हणाला, "हा कागद आमचा कशावरून?" मी काउंटरपाशी उभी होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो अपमान अजून जात नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला, तेव्हा एक गोष्ट कळली जी मला आधी माहीत असायला हवी होती. विकलेल्या मालाचं बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे बिल नाही म्हणून दाद मागता येत नाही, असं नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मी व्हॉट्सॲपचं कोटेशन, यूपीआयची नोंद, बॅटरी रिपोर्ट, दोन्ही सीरियल नंबरचे फोटो असं सगळं जोडून तक्रार दाखल केली आहे. निकाल लागायचा आहे.

दुकानात जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सील तुमच्यासमोर फोडायला लावा, लॅपटॉप आतल्या खोलीत जाऊ देऊ नका. पैसे देण्याआधी तिथेच सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, फोनवर दोन मिनिटांत होतं. टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डचं पूर्ण नाव वाचा, कारण स्टिकरवर नुसतंच आरटीएक्स लिहिलेलं असतं आणि २०५० हे ३०५० म्हणून खपवणारेही आहेत. आणि पूर्ण मॉडेल नंबर, सीरियल नंबर, जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल हातात आल्याशिवाय क्यूआर स्कॅन करू नका.

हळदीचा अल्बम मी ऑफिसमधल्या चांगल्या मॉनिटरवर पुन्हा रंग बसवून, स्वतःच्या खर्चाने छापून दिला. त्याला साडेसात हजारांहून जास्त लागले.