तैवान आणि थायलंड: लग्नाला मान्यता, मग मुलांचं काय?

आशियात समलिंगी विवाहाला पहिली मान्यता तैवानने दिली, २४ मे २०१९ रोजी. पण नागरी संहितेला हात न लावता, वेगळा कायदा करून. २०१८च्या सार्वमतात विरोधकांची सरशी झाली होती, समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता देण्यासाठी न्यायालयाने दिलेली दोन वर्षांची मुदतही संपत आली होती. त्यातून काढलेली ही वाट. झळ बसली ती घरांना. जोडीदाराचं रक्ताचं मूल दत्तक घेता येई, पण त्याने लग्नाआधी एकट्याने रीतसर दत्तक घेतलेलं मूल दुसऱ्याला कायद्याने परकंच. रात्र रात्र जागून वाढवायचं दोघांनी, पालक मात्र एकच! ही अट मे २०२३ मध्ये गेली.

थायलंडने मूळ संहितेतच बदल केला. २३ जानेवारी २०२५पासून वारसा, दत्तक, उपचारांना संमती, सगळं एकदमच लागू झालं. मला हाच मार्ग सरस वाटतो. अर्थात तोही पुरता निर्दोष नाही: पालकत्वाच्या कलमांत ‘वडील’ आणि ‘आई’ तसेच राहिले, आणि सरोगसीची मुभा त्या बदलानंतरही स्त्री-पुरुष दाम्पत्यांपुरतीच होती.